गरीब देशांतील संसद आणि विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठ्यपुस्तकात संसदेची कामे तीन ओळींत संपतात: कायदे करणे, पैसा मंजूर करणे, सरकारवर लक्ष ठेवणे. इथे भर आहे तो ही कामे प्रत्यक्षात कुठे अडतात आणि का अडतात यावर.

रस्ते, शाळा, दवाखाने सरकार बांधते. मग विकासात संसदेचा वाटा कोणता?

संसद स्वतः काहीच बांधत नाही. पण तिच्या हातात तीन अडसर असतात. पैसा खर्च होण्याआधी ती विचारू शकते, कर्ज काढण्याआधी विचारू शकते आणि खर्च झाल्यावर हिशेब मागू शकते. या तिन्ही वेळी प्रश्न नीट विचारले गेले, तर दवाखान्याची इमारत उभी राहते आणि आत औषधेही असतात. नाही विचारले, तर फीत कापून झाल्यावर इमारतीला कुलूप लागते.

कायदे करणे हे चौथे काम. त्याचा गाजावाजा जास्त होतो, पण बहुतेक देशांत विधेयकाचा मसुदा मंत्रालयात तयार होतो. संसदेची छाप पडते ती कलमांवर, आणि कधी कधी विलंबावर. घानामध्ये माहिती अधिकार विधेयकाचा पहिला मसुदा १९९९ मध्ये तयार झाला आणि कायदा संमत झाला २०१९ मध्ये. मधली वीस वर्षे कुणी उघड विरोध करत होते असे नाही. विधेयक मांडले जायचे, सभागृहाची मुदत संपायची, नव्या सभागृहात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एखादा कायदा मारायचा असेल, तर त्याच्या विरोधात मत द्यावेच लागते असे नाही.

हे तर श्रीमंत देशांतही असते. गरीब देशांत वेगळे काय?

पैसा येतो कुठून, हा फरक आहे. जिथे सरकारचा बहुतेक खर्च नागरिकांच्या करातून भागतो, तिथे कर वाढवायचा म्हटले की सरकारला लोकप्रतिनिधींच्या दारात यावे लागते. जिथे उत्पन्नाचा मोठा भाग परदेशी मदत, कर्ज किंवा तेल-खनिजांच्या स्वामित्वधनातून (रॉयल्टीतून) येतो, तिथे सरकारचे खरे बोलणे दात्यांशी, बँकांशी आणि कंपन्यांशी होते. ही बोलणी संसदेच्या बाहेर होतात आणि सभागृहासमोर येतो तो जवळपास ठरून गेलेला कागद.

दुसरा फरक साधनांचा. एका समितीला एक कारकून, संशोधन अधिकारी नाही, अहवाल छापायला पैसे नाहीत, दौऱ्याचा खर्च देणार तेच मंत्रालय ज्याची तपासणी करायची आहे. अशा स्थितीत घटनेने दिलेले अधिकार कितीही मोठे असोत, ते वापरायला माणूस लागतो.

अर्थसंकल्प संसदेत आल्यावर त्यात काय बदलता येते?

देशाची घडण कशी आहे त्यावर ते ठरते. ब्रिटिश वळणाच्या संसदांत सदस्य बहुधा खर्च कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. घानाच्या राज्यघटनेचे कलम १०८ तर नवा कर किंवा सरकारी तिजोरीवर भार टाकणारे विधेयक सरकारखेरीज कुणालाही मांडू देत नाही. फ्रेंच वळणाच्या देशांत महसूल घटवणारी किंवा खर्च वाढवणारी दुरुस्ती सहसा ग्राह्यच धरली जात नाही. शिवाय संसदेने ठरलेल्या दिवसांत निर्णय घेतला नाही, तर सरकार अध्यादेशाने अर्थसंकल्प अमलात आणू शकते. नायजेरियासारख्या अध्यक्षीय देशात संसद आकडे मोकळेपणाने बदलते, इतके की सदस्य आपापल्या मतदारसंघातली कामे मधेच घुसडतात आणि मूळ नियोजन विस्कटते. अधिकार जास्त म्हणजे अर्थसंकल्प चांगला, असे मुळीच नाही.

अधिकारापेक्षा वेळ महत्त्वाचा, असे आमचे ठाम मत आहे. अर्थसंकल्प आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी संसदेत यावा, हा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. युगांडाचे वेळापत्रक या बाबतीत पाहण्यासारखे आहे. तिथे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. २०१५च्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन कायद्यानुसार अर्थसंकल्पाची चौकट ३१ डिसेंबरपर्यंत संसदेत येते, पूर्ण अर्थसंकल्प १ एप्रिलपर्यंत आणि मंजुरी ३१ मेपर्यंत. डिसेंबरचा टप्पा सर्वात मोलाचा, कारण कोणत्या क्षेत्राला किती द्यायचे हे तेव्हा ठरत असते. एप्रिलमध्ये आकडे मंत्रालयांत वाटून झालेले असतात आणि एकाचे काढून दुसऱ्याला द्यायचे म्हटले की दहा जण विरोधात उभे राहतात.

हा कायदा येण्यापूर्वी तिथे अर्थसंकल्प वर्ष सुरू झाल्यावर काही महिन्यांनी मंजूर व्हायचा. २०१२ मध्ये मंजुरी बाकी असलेल्या त्याच काळात खासदारांनी एक दुर्मीळ गोष्ट केली. ग्रामीण आरोग्य केंद्रांत कर्मचारी नाहीत, बाळंतपणात स्त्रिया दगावतात. तेव्हा आरोग्याला जादा पैसे दिल्याशिवाय अर्थसंकल्प मंजूर करणार नाही, असे म्हणत सत्ताधारी पक्षाचे सदस्यही अडून बसले. सरकारला ४९.५ अब्ज शिलिंग काढावे लागले आणि त्यातून सहा हजारांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीची वाट मोकळी झाली. मातृ-आरोग्यावर काम करणाऱ्या संघटनांनी खासदारांच्या हातात कोणत्या केंद्रात किती पदे रिकामी आहेत याचे आकडे आधीच दिले होते. केवळ ‘आरोग्याला जास्त द्या’ एवढीच मागणी असती, तर ती भाषणातच विरली असती.

अर्थसंकल्पाचे जाडजूड खंड समोर आहेत आणि हातात दोन आठवडे आहेत. आधी काय बघावे?

पहिल्या पानापासून वाचत बसू नये. या जागा आधी उघडाव्यात:

– गेल्या वर्षी मंजूर किती, प्रत्यक्ष खर्च किती. एखाद्या मंत्रालयाला सलग तीन वर्षे मंजुरीच्या निम्मेच मिळाले असेल, तर यंदाचा वाढीव आकडा कागदी आहे.
– महसुलाचा अंदाज. करवसुली एका वर्षात फार मोठी उडी घेणार असे गृहीत धरले असेल, तर वर्षाच्या मध्यावर कपात होणार आणि ती पगारावर नव्हे, तर औषधे, पाठ्यपुस्तके व देखभालीवर पडणार.
– व्याज व कर्जफेड मिळून महसुलाचा किती हिस्सा खातात. हा हिस्सा आधी कापला जातो. उरलेल्यावरच बाकी सगळ्यांची झटापट.
– थकलेली देणी. कंत्राटदारांची आणि औषध पुरवठादारांची बिले पुढच्या वर्षात ढकलून तूट कमी दाखवता येते. हा आकडा बहुधा परिशिष्टात असतो, कधी कधी तिथेही नसतो.
– आकस्मिक निधी, ‘इतर’ आणि ‘विशेष सेवा’. या शीर्षांखालची रक्कम वाढत असेल, तर थांबून विचारावे.
– दात्यांच्या प्रकल्पांत देशाने घालायचा हिस्सा. तो धरला नसेल, तर मंजूर कर्ज वापरलेच जात नाही, पण न उचललेल्या रकमेवर अनेक करारांत बांधिलकी शुल्क मात्र चढत राहते.

आणि नवीन इमारतींच्या यादीशेजारी एक प्रश्न लिहून ठेवावा: पुढच्या वर्षापासून इथले पगार, वीज, पाणी कुठल्या शीर्षातून? भांडवली (बांधकामाचा) व महसुली (रोज चालवण्याचा) खर्च दोन वेगळ्या खात्यांत, कित्येकदा दोन वेगळ्या मंत्रालयांत तयार होतो. म्हणून हा प्रश्न विचारायचे कुणाच्याच वाट्याला येत नाही.

मंजूर झालेला पैसा गावातल्या शाळेपर्यंत पोचतो का?

मंजुरी म्हणजे रोकड नव्हे. अर्थ मंत्रालय दर तिमाहीला, तंगी असली तर दर महिन्याला, रक्कम सोडते. समजा, आरोग्याला १०० मंजूर झाले आणि ७० सुटले. त्यात पगाराचे ५० पूर्ण सुटले, म्हणजे बाकीच्या ५० पैकी मिळाले फक्त २०. कागदावर आरोग्य खात्याचा खर्च ७० टक्के दिसतो. प्रत्यक्षात औषधे, इंधन, लशींची शीतसाखळी या सगळ्याला ४० टक्क्यांवर भागवावे लागले.

म्हणून समितीने एकूण खर्चाचा टक्का न मागता पगारेतर खर्चाचा तिमाही तक्ता मागावा. पुरवणी मागण्यांवरही डोळा हवा. वर्षाच्या शेवटी, कधी खर्च होऊन गेल्यावर, सरकार जादा खर्चाला मंजुरी मागते. तेव्हा नाही म्हणण्यात अर्थ उरत नाही, कारण पैसा गेलेला असतो. पुरवणी मागण्या दरवर्षी आणि त्याच दोन-तीन खात्यांसाठी येत असतील (सहसा राष्ट्रपती भवन आणि संरक्षण), तर मूळ अर्थसंकल्पात त्यांचा आकडा मुद्दाम कमी दाखवला जातो असे समजायला हरकत नाही.

सरकारने घेतलेल्या कर्जाला संसदेची मंजुरी लागते का?

बऱ्याच राज्यघटनांत लागते. पण कर्ज, हमी आणि सरकारी कंपनीने घेतलेले कर्ज या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि घोटाळे दुसऱ्या व तिसऱ्या वाटेने होतात.

मोझांबिकचे उदाहरण अजून ताजे आहे. २०१३ व २०१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी, एक टुना मासेमारीची, एक किनारा सुरक्षेची आणि एक जहाज दुरुस्तीची, परदेशी बँकांकडून मिळून सुमारे २ अब्ज डॉलर उचलले. सरकारने हमी दिली, संसदेला विचारले नाही. अर्थसंकल्पी कायद्यात हम्यांची कमाल मर्यादा ठरलेली होती, तीही ओलांडली. यातले मासेमारी कंपनीचे रोखे बाजारात दिसत होते. बाकी दोन कर्जे एप्रिल २०१६ मध्ये उघड झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि दात्या देशांनी थेट अर्थसंकल्पी मदत थांबवली, मेटिकल हे चलन कोसळले, महागाई भडकली. नंतर सत्ताधारी बहुमताने संसदेने ही कर्जे राज्याच्या हिशेबात सामावून घेतली. घटनात्मक परिषदेने २०१९ व २०२० मध्ये ती रद्दबातल ठरवली. तोवर शाळा-दवाखान्यांनी किंमत मोजून झाली होती. माजी अर्थमंत्री मान्युएल शांग यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दोषी ठरवले.

झांबियात गोष्ट वेगळ्या प्रकारे बिघडली. २०१६च्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिले की सार्वजनिक कर्ज काढण्यापूर्वी राष्ट्रीय सभेची मंजुरी हवी. मात्र ती मंजुरी कशी, केव्हा, कोणत्या कागदांवर द्यायची हे सांगणारा कायदा काही आला नाही. मधल्या काळात कर्ज वाढतच गेले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये देशाला रोख्यांवरचे व्याज भरता आले नाही. सार्वजनिक कर्ज व्यवस्थापन कायदा झाला २०२२ मध्ये.

कर्जाचा प्रस्ताव समोर आल्यावर सदस्याने किमान एवढे मागावे: मूळ कराराची प्रत (सारांश नव्हे), व्याजदर व तो स्थिर की बदलता, सवलतीचा काळ (परतफेड सुरू होण्याआधीचा), चलन, तारण म्हणून काय ठेवले आहे, गुप्ततेचे कलम आहे का आणि वाद झाल्यास कोणत्या देशाच्या कायद्याने निवाडा होणार. सोबत वर्षातून एकदा सर्व हम्यांची यादी. ‘तातडीचे आहे, दाता थांबणार नाही’ असे सांगून एका दुपारी मंजुरी मागितली जाते. करारावर वाटाघाटी महिनोन्‌महिने चाललेल्या असतात; घाई फक्त संसदेच्या वाट्याला का येते, हे विचारावे.

तेल आणि खाणींचे करार संसदेने मंजूर केले म्हणजे ते सुरक्षित, असे समजावे का?

नाही. लायबेरियात मोठे सवलत-करार (नैसर्गिक साधने वापरण्याचे हक्क कंपनीला देणारे) विधिमंडळाच्या मंजुरीने होतात. तरीही नैसर्गिक साधनांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या पारदर्शकता उपक्रमासाठी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ६८ पैकी ६२ करार व परवाने नियमांप्रमाणे दिलेले नव्हते, असे आढळले. मतदान झाले होते. वाचन झाले नव्हते.

घानाने निराळा रस्ता धरला. २०११च्या पेट्रोलियम महसूल व्यवस्थापन कायद्याने तेलाच्या उत्पन्नाचा जास्तीत जास्त ७० टक्के भाग त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाला, उरलेला स्थैर्य निधी व पुढच्या पिढ्यांच्या निधीला, असे गणितच बांधून दिले. शिवाय नागरी संघटना, व्यावसायिक संस्था, पत्रकार अशांच्या प्रतिनिधींची १३ जणांची देखरेख समिती नेमली. ही समिती कुणाला शिक्षा करू शकत नाही. पण तिचे अहवाल नियमित निघतात आणि विरोधी खासदाराला आयते मुद्दे मिळतात. त्याने ते वापरायचे की नाही, हा पुढचा भाग.

लोकलेखा समिती नेमके काय करते आणि तिचे अहवाल कपाटात का पडून राहतात?

ब्रिटिश संसदेत १८६१ मध्ये सुरू झालेली ही समिती आज राष्ट्रकुलातल्या जवळपास प्रत्येक देशात आहे. अध्यक्षपद विरोधकांकडे द्यायची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. साखळी अशी चालते: वर्ष संपते, मंत्रालये हिशेब देतात, महालेखापरीक्षक तपासून अहवाल संसदेला देतो, समिती त्यातले परिच्छेद (म्हणजे आक्षेप) निवडून संबंधित खात्याच्या सचिवाला बोलावते, शिफारशी करते, सभागृह त्या स्वीकारते, सरकार लेखी उत्तर देते.

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत यासाठी मुदती आहेत: वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांत लेखापरीक्षण आणि त्यानंतर ३ महिन्यांत संसदेत चर्चा. जिथे अशा मुदती नसतात किंवा पाळल्या जात नाहीत, तिथे समिती चार-पाच वर्षांपूर्वीचे हिशेब उकरत बसते. तोवर सचिव बदललेला किंवा निवृत्त झालेला असतो आणि नवा सांगतो, ‘हे माझ्या कार्यकाळातले नाही.’ साचलेले काम उपसण्याचा एकच व्यवहार्य मार्ग आहे: ताजे वर्ष आधी घ्यायचे आणि जुन्यांपैकी फक्त मोठ्या रकमांचे परिच्छेद निवडून बाकीचे एका ठरावाने बंद करायचे. हे कुणाला आवडत नाही. पण क्रमाने जाणारी समिती वर्तमानापर्यंत कधीच पोचत नाही.

सुनावणीत नेहमी घडणारा प्रकार असा. अहवालात परिच्छेद असतो: ‘अमुक रकमेच्या खर्चाला पूरक कागदपत्रे उपलब्ध झाली नाहीत.’ सुनावणीच्या सकाळी खात्याचे अधिकारी खोकेभर पावत्या घेऊन हजर होतात. सदस्य चाळतात, ‘कागद मिळाले’ अशी नोंद होते, परिच्छेद मिटतो. इथेच समिती फसते. लेखापरीक्षकाने मागितले तेव्हा जे कागद नव्हते, ते वर्षानंतर कुठून आले? बरोबर पद्धत ही की समितीने कागद स्वतः स्वीकारूच नयेत. ते लेखापरीक्षकाकडे पाठवावेत, त्याने पावती क्रमांक, तारीख, पुरवठादार आणि भांडारातली आवक नोंद जुळवून पाहावी आणि मग परिच्छेद मिटवायचा की ठेवायचा हे कळवावे.

शिफारशीची भाषा हा दुसरा खड्डा. ‘दोषींवर योग्य ती कारवाई करावी’ या वाक्याला उत्तर येते, ‘कारवाई सुरू आहे,’ आणि विषय संपतो. शिफारशीत चार गोष्टी हव्यात: कोणी, काय, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत. उदाहरणार्थ: ‘आरोग्य सचिवांनी अमुक पुरवठादाराला दोनदा दिलेली रक्कम ९० दिवसांत वसूल करून भरणा पावतीची प्रत समितीला सादर करावी.’ आणि समितीच्या कारकुनाजवळ एक साधा तक्ता हवा, ज्यात प्रत्येक शिफारशीपुढे मुदत आणि आजची स्थिती लिहिलेली असेल. सहा महिन्यांनी त्याच सचिवाला तोच तक्ता घेऊन बोलवायचे. पहिल्या सुनावणीची खात्यांना सवय असते; घाबरतात ती दुसऱ्या बोलावण्याला.

संसदेच्या चौकशीने सरकार हलले, असे कधी झाले आहे का?

टांझानियात झाले. २००६ मध्ये दुष्काळामुळे जलविद्युत आटली, तेव्हा तातडीची वीज पुरवण्याचे कंत्राट रिचमंड नावाच्या कंपनीला दिले गेले. वीज वेळेवर आली नाही. संसदेने हॅरिसन म्वाक्येम्बे यांच्या अध्यक्षतेखाली खास चौकशी समिती नेमली. समितीने कंपनीची पात्रता, कंत्राट देण्याची पद्धत आणि कुणी कुणाला काय सूचना दिल्या हे तपासले. फेब्रुवारी २००८ मध्ये अहवाल सभागृहात मांडला गेला आणि पंतप्रधान एडवर्ड लोवासा यांना राजीनामा द्यावा लागला. मंत्रिमंडळच नव्याने बनवावे लागले. समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच होते, हे इथे विसरू नये. सत्ताधारी पक्षात गट असतील, तर एकपक्षीय वर्चस्वाच्या संसदेतही चौकशी धारदार होऊ शकते. त्याच देशात २०१६ मध्ये कामकाजाचे थेट प्रक्षेपण बंद झाले, हेही लक्षात असू द्या.

खासदाराला पक्षाविरुद्ध मतच देता येत नसेल, तर हे सगळे नाटक नाही का?

मतदानापुरते बघितले तर बरेचसे तसेच. बांगलादेशच्या १९७२ च्या राज्यघटनेतल्या कलम ७० नुसार पक्षाविरुद्ध मत देणाऱ्याची जागाच जाते. घानामध्ये मंत्र्यांपैकी बहुसंख्य संसद सदस्यांतूनच घ्यावे लागतात. म्हणजे सत्ताधारी बाकांवरचा प्रत्येक जण मंत्रिपदाच्या रांगेत, आणि रांगेत उभा राहिलेला माणूस रांग मोडत नाही.

तरी काम होते ते समितीच्या खोलीत. तिथे पक्षादेश सहसा नसतो, पत्रकार कमी असतात, आणि आपल्या मतदारसंघातल्या पुलाचे पैसे का अडले हे विचारताना सत्ताधारी सदस्यही पक्ष विसरतो. सुधारणेचे पैसे आणि वेळ मुख्य सभागृहावर घालण्यापेक्षा समित्यांवर घालावेत, ते यासाठीच.

खासदार निधी चांगला की वाईट?

मतदाराला विचाराल तर चांगला. त्याला खासदार दिसतो तो रुग्णवाहिका, शाळेची फी, मयताचा खर्च यांत. केनियाने २००३ मध्ये कायदा करून सरकारच्या सर्वसाधारण महसुलाच्या किमान २.५ टक्के मतदारसंघ विकास निधीला दिले. वर्गखोल्या, बंधारे, शिष्यवृत्त्या झाल्या; एकाच कामावर दोन ठिकाणचा खर्च दाखवलेली प्रकरणे आणि शिक्षकांविना उभ्या शाळाही झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या निधीचा २०१३ चा कायदा घटनाबाह्य ठरवला. कारण साधे होते: खर्च करणारा आणि खर्चावर लक्ष ठेवणारा एकच असू शकत नाही.

निधी बंद करणे राजकीयदृष्ट्या अशक्य असेल, तर निदान कामांची निवड खासदाराच्या हाती असू नये, आणि लेखापरीक्षण इतर खात्यांसारखेच व्हावे.

परदेशी दाते संसदेला बळ देतात की बगल देतात?

दोन्ही, आणि बहुधा एकाच वर्षात. १९९९ पासून जागतिक बँक व नाणेनिधीने दारिद्र्य निवारण आराखड्यांची अट घातली, तेव्हा नागरी संघटनांशी सल्लामसलत झाली, पण अनेक संसदांना तयार दस्तऐवज ‘माहितीसाठी’ मिळाला. परदेशी मदत परिणामकारक कशी करावी यावरच्या २००५च्या पॅरिस जाहीरनाम्यात आणि २००८च्या आक्रा कार्यक्रमात संसदेचा सहभाग मान्य केला गेला. तरीही मदतीचा बराच भाग अर्थसंकल्पाबाहेरून, थेट प्रकल्पांना जातो. तो लेखापरीक्षणात येत नाही, म्हणून समितीपुढेही येत नाही.

दात्यांचे खासदारांसाठीचे प्रशिक्षण निवडणुकीनंतर वाया जाते, कारण अनेक देशांत दर वेळी निम्म्याहून अधिक चेहरे बदलतात. कायम कर्मचाऱ्यांवर केलेला खर्च टिकतो. युगांडात २००१ च्या अर्थसंकल्प कायद्याने संसदेचे स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय उभे राहिले, केनियात २००७ मध्ये. सुरुवातीला मोजके चांगले अर्थतज्ज्ञ पुरतात. मात्र त्यांचा पगार अर्थ मंत्रालयाच्या जवळपास हवा, नाहीतर दोन वर्षांत तिथेच निघून जातात.

महिला सदस्य वाढल्याने विकासावर परिणाम होतो का?

विषयपत्रिका बदलते, एवढे नक्की. रवांडात २००३ च्या राज्यघटनेने किमान ३० टक्के वाटा ठरवला आणि कनिष्ठ सभागृहाच्या ८० पैकी २४ जागा महिलांसाठी राखल्या. २०२४ मध्ये तिथे ५१ महिला निवडून आल्या. लिंगाधारित हिंसेविरुद्धचा कायदा तिथल्या महिला सदस्यांनीच पुढे आणला. बाकी विधेयके सरकारकडून येतात. नेपाळमध्ये संघीय संसदेतल्या प्रत्येक पक्षाच्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. पण सरकार जिथे सर्वशक्तिमान असते, तिथे सभागृहात कोण बसते याने अर्थसंकल्प फारसा हलत नाही.

जनसुनावणी घेतली तरी लोक रस्त्यावर का येतात?

केनियातला २०२४ चा वित्त विधेयकाचा प्रसंग घ्या. सुमारे ३४६ अब्ज शिलिंग जादा महसुलाचे लक्ष्य होते. समितीने निवेदने घेतली, पावावरचा कर वगैरे काही तरतुदी मागेही घेतल्या गेल्या. तरीही २५ जूनला सभागृहाने १९५ विरुद्ध १०६ मतांनी विधेयक संमत केले, आणि त्याच दिवशी आंदोलक संसदेत घुसले. गोळीबारात माणसे मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सही करायला नकार दिला. लोकांचे ऐकले नाही असे नव्हे. ऐकलेल्यातले काय स्वीकारले, काय नाकारले आणि का, हे पटेल असे कुणी सांगितले नाही. शिवाय हाच कर नेमका कुठे खर्च होणार यावर लोकांचा विश्वास उरला नव्हता.

एखाद्या संघटनेला समितीपुढे म्हणणे मांडायचे असेल तर कसे मांडावे?

समितीच्या कारकुनाला आधी गाठा. कोणत्या तारखेला कोणता विषय आहे, निवेदन कोणत्या स्वरूपात हवे आणि किती प्रती लागतील, हे त्यालाच ठाऊक असते.

निवेदन दोन पानांत संपवा. सर्वात वर कलम किंवा अर्थसंकल्पातील शीर्ष क्रमांक, त्याखाली सध्याचा मजकूर, मग तुम्ही सुचवलेला मजकूर आणि शेवटी कारण व त्याचा खर्च. खर्च वाढत असेल, तर तो कुठून काढायचा तेही लिहा. हे नसेल, तर अर्थ मंत्रालयाचा माणूस एका वाक्यात तुमचा प्रस्ताव बाद करतो. राष्ट्रीय आकडा एक पुरे. त्यासोबत समितीतल्या प्रत्येक सदस्याच्या मतदारसंघाचा आकडा द्या, तो वाचला जातो.

पोच घ्या, शिक्क्यासह. अहवाल आल्यावर आपले निवेदन त्यात नोंदले आहे का ते तपासा. नसेल, तर सभागृहात चर्चा सुरू होण्याआधी कारकुनाला पोचेची प्रत जोडून लेखी कळवा आणि तीच प्रत समितीतल्या एका विरोधी आणि एका सत्ताधारी सदस्याला द्या.